दाबोळीच्या नौदल तळावर हवाई कसरती पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयएनएस हंसा हा रोज उडणारा तळ आहे. लोकांसाठी फाटक उघडले, तरी धावपट्टी, इंजिने आणि आकाशातल्या घारी त्याच असतात. म्हणून इथल्या नियमांमागे बहुतेक वेळा इंजिन, पक्षी, वैमानिकाचे डोळे किंवा तळाची गुप्तता यांपैकी एक कारण असते. कारण कळले की नियम पाळणे सोपे जाते, म्हणून उत्तरे कारणांसकट दिली आहेत. वेळा, फाटके आणि पास यांचा तपशील दर खेपेला बदलतो. त्याबाबत त्या वर्षीच्या जाहीर सूचनेत आणि पासावर छापलेले असेल तेच अंतिम समजावे.

हंसा तळ म्हणजे दाबोळी विमानतळच ना?

धावपट्टी एकच, मालकी नौदलाची. आपण ज्या टर्मिनलवरून मुंबई-दिल्लीची विमाने पकडतो, तो नौदलाच्या तळावरचा नागरी कोपरा आहे. मूळ धावपट्टी पोर्तुगिजांनी १९५०च्या दशकात बांधली आणि १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्तीच्या कारवाईत भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी तिच्यावर बाँबफेक केली. हंसा हे नाव मात्र दाबोळीत जन्मलेले नाही. सप्टेंबर १९६१ मध्ये कोईंबतूरजवळ हा तळ सुरू झाला आणि १९६४ मध्ये इथे आला.

इथे कोणती विमाने बघायला मिळतात?

घरची मंडळी आधी. मिग-२९के हे विमानवाहू जहाजावरून उडणारे लढाऊ विमान, सागरी टेहळणीचे पी-८आय, डॉर्नियर, आणि पोटाखाली रडार उघडणारे कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर. पी-८आयची दुसरी तुकडी मार्च २०२२ मध्ये हंसावर सुरू झाली. जुने रशियन आयएल-३८ आता दिसणार नाही, ते ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाले. सी हॅरियरही २०१६ पासून सेवेत नाही.

पाहुणे म्हणून हवाई दलाचे सूर्यकिरण (नऊ हॉक विमाने), सारंग (ध्रुव हेलिकॉप्टरे) किंवा आकाशगंगा हे छत्रीधारी पथक येऊ शकते. नौदलाचे स्वतःचे सागर पवन हे पथक किरण विमाने उडवायचे. मार्च २०१० मध्ये हैदराबादच्या प्रदर्शनात त्याच्या अपघातात दोन वैमानिकांचा मृत्यू झाला. पाहुण्या पथकाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत असले तरी ते येईलच असे धरून मुलांना शब्द देऊ नका. एखाद्या प्रकारच्या विमानात दोष आढळला की त्या प्रकारची सगळी विमाने तपासणी होईपर्यंत जमिनीवर ठेवतात, आणि हे आदल्या दिवशीही घडू शकते.

आत जायला काय लागते?

पास आणि फोटो असलेले मूळ ओळखपत्र. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स फाटकावर चालेल, या भरवशावर निघू नये. पासावर ज्याचे नाव त्यानेच यावे, भावाचा पास घेऊन मेव्हण्याने येऊ नये. लष्करी हद्दीत ही बाब गंभीरपणे घेतली जाते आणि परत पाठवलेल्याबरोबर सगळे कुटुंब परत जाते.

परदेशी नागरिक आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी पासपोर्ट असलेले मूळचे भारतीय) बरोबर असतील, तर आधी विचारून लेखी होकार मिळवा. गोव्यात जवळजवळ प्रत्येक वाड्यावर एखाद्या घरात पोर्तुगीज पासपोर्टवाला नातेवाईक नाताळात सुटीवर आलेला असतो. तो जन्माने गोंयकार असला तरी फाटकावर परदेशी नागरिकच ठरतो, आणि त्याची परवानगी ऐनवेळी देण्याचा अधिकार तिथल्या जवानाला नसतो.

कसे पोहोचावे?

शक्यतो बसने. पणजी आणि मडगाव दोन्हीकडून वास्कोला कदंबच्या आणि खासगी बसेस आहेत. पणजीकडून येणारा रस्ता कुठ्ठाळीवरून, झुआरीच्या नव्या पुलावरून येतो. पूल रुंद झाला असला तरी चिखली ते दाबोळी हा पट्टा विमानतळाच्या आणि बंदराच्या वाहतुकीने भरलेला असतो, आणि अडकायला होते ते तिथे. रेल्वेने येणाऱ्यांसाठी वास्को हे शेवटचे स्थानक, पण या मार्गावर गाड्या मोजक्या आहेत, परतीची वेळ पाहूनच निघा. सावंतवाडी-कुडाळकडून येणाऱ्यांनी मडगावला उतरून बस धरणे सोपे. वास्को शहरातून पुढे एकट्या माणसाला मोटरसायकल पायलट, म्हणजे भाड्याची दुचाकी चालवणारा, सर्वांत लवकर पोहोचवतो.

स्वतःची गाडी आणलीच तर नेमून दिलेल्या जागेतच लावा. डिसेंबर-जानेवारीत या जांभ्या पठारावरचे गवत काडीसारखे वाळलेले असते. गरम सायलेन्सर गवताला टेकला की आग लागते, आणि तिचा धूर धावपट्टीवर गेला तर उड्डाणे थांबतात. रस्त्याकडेला गवतात दुचाकी उभी करू नका, सिगारेट तर नकोच.

कधी पोहोचावे? कार्यक्रम वेळेवर सुरू होतो का?

पहिल्या उड्डाणाच्या किमान दोन तास आधी फाटकावर असावे. तपासणीच्या रांगेत तास सहज जातो. जमिनीवर मांडलेली विमाने पाहायची असतील तर ती आधीच पाहून घ्या, कारण उड्डाणे सुरू झाल्यावर तो भाग बहुधा बंद करतात.

घोषित मिनिटाला विमान येते, कारण पथके सेकंदांच्या हिशोबाने उडतात. पण दोन कसरतींमधली मोकळी वेळ लांबू शकते. घारींचा थवा धावपट्टीवर उतरला, एखादे प्रवासी विमान आधी उतरवावे लागले, वारा फिरला, यातले काहीही पुरेसे असते. अशी वीस मिनिटे गेली म्हणून उठून फाटकाकडे चालू लागू नका. नेमके त्या वेळी विमान डोक्यामागून येते.

पिशवीत काय घ्यावे, काय घरी ठेवावे?

घ्या: पारदर्शक बाटलीत पाणी, हनुवटीखाली बांधता येणारी टोपी, कानांत घालायचे फोमचे बोळे, गॉगल, सुती रुमाल, नेहमीची औषधे चिठ्ठीसह, बसायला जाड चादर.

घरी ठेवा: छत्री, फुगे, पतंग, लेझर पॉइंटर, वॉकी-टॉकी, ड्रोन, काडेपेटी-लायटर, चाकू, काचेच्या बाटल्या, दारू आणि पाळीव प्राणी. छत्रीबद्दल वाद होतो. उघडलेली छत्री मागच्या दहा जणांचे आकाश झाकते आणि हेलिकॉप्टरच्या वाऱ्यात उलटून हातातून सुटते. लेझरचा ठिपका जमिनीवर मटाराएवढा दिसतो, पण कॉकपिटच्या काचेवर पसरून वैमानिकाला काही क्षण आंधळे करतो.

वेफर्सच्या एका पिशवीवरून एवढा आरडाओरडा का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि याचेच उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे.

जेट इंजिन पुढून हवा ओढते, आणि हवेबरोबर समोर जे काही असेल तेही. पातळ प्लास्टिक, पासाची दोरी, बाटलीचे झाकण, सुटी नाणी, खडा. आत पाती मिनिटाला हजारो फेरे घेत असतात. एका पात्याला टवका पडला की त्याचा तुकडा मागच्या पात्यांवर आदळतो आणि नुकसान मागे मागे वाढत जाते. अशा वस्तूंना विमानतळावर एफओडी म्हणतात, आणि त्या वेचण्यासाठी कर्मचारी ओळीने धावपट्टी व एप्रन (विमाने उभी करायची फरसबंद जागा) चालत तपासतात. हजारो प्रेक्षकांनी टाकलेला कचरा दुपारच्या समुद्री वाऱ्यावर काही मिनिटांत त्या साफ केलेल्या जागेत पोहोचतो.

दुसरे कारण पक्ष्यांचे. खाण्याचे तुकडे पडले की आधी कावळे आणि मग घारी येतात. घार दुपारच्या तापलेल्या हवेच्या स्तंभावर गोल गोल चढते, आणि विमाने खाली उडतात त्याच उंचीवर असते. ताशी ७०० किलोमीटर वेगाच्या विमानाला सहा-सातशे ग्रॅमचा पक्षी लागणे ही वैमानिकासाठी आणीबाणी आहे. म्हणून सुटे खाणे नेऊ नका. डब्यातले पोळी-भाजी किंवा पाव चालतील, फाटकावर परवानगी असेल तर. उरलेले डब्यात परत घाला. फरसाण, शेंगदाणे, पॉपकॉर्न नकोत, कारण ते सांडल्याशिवाय खाता येत नाहीत.

बसायला चांगली जागा कोणती?

दाबोळीची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे, लांबी सुमारे ३.४ किलोमीटर. यावरून दोन गोष्टी ठरतात.

पहिली ऊन. डिसेंबरात गोव्यात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला जेमतेम ५१ अंशांवर असतो, मग नैर्ऋत्येकडे उतरतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. प्रेक्षकांची जागा धावपट्टीच्या उत्तरेला असेल, तर दिवसभर सूर्य समोर. अशा वेळी पूर्वेच्या टोकाकडे बसणे टाळा, कारण तिथून पश्चिमेकडे, म्हणजे थेट मावळतीकडे मान वळवून पाहावे लागते. जागा दक्षिणेला असेल तर ऊन पाठीवर येते आणि विमाने उजेडात न्हालेली दिसतात. त्या बाजूची कुठलीही जागा मिळाली तरी चालेल.

दुसरी वारा. सकाळी जमिनीकडून मंद वारा असतो. दुपारकडे तो फिरून समुद्राकडून येतो. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडते, त्यामुळे दुपारी ते पूर्वेकडून धावत पश्चिमेला, समुद्रावर झेप घेते. जमीन सोडण्याचा क्षण पाहायचा असेल तर मध्यभागी किंवा थोडे पश्चिमेला बसा. धूरही वाऱ्याबरोबर पूर्वेकडे सरकतो. कसरतींची आखणी मात्र प्रेक्षकांच्या मध्यबिंदूवर केलेली असते, त्यामुळे शंका असेल तेव्हा मध्यभागच धरा. तंबूच्या किंवा लाउडस्पीकरच्या अगदी जवळ बसू नका, विमानाचा आवाज आणि निवेदन दोन्ही धड ऐकू येत नाही.

लहान मुलांना न्यावे का? आवाज सोसवेल?

चार वर्षांवरील मुलांना जरूर न्या, पण कान झाकून. मिग-२९के आफ्टरबर्नर लावून, म्हणजे झोतात जादा इंधन जाळून, उठते तेव्हा आवाज कानांइतकाच छातीतही जाणवतो. तळहात कानावर ठेवणे हा उपाय पुरत नाही, कारण विमान येणार हे कळेपर्यंत ते आलेले असते.

फोमचे बोळे नीट घातले तरच उपयोगी पडतात. बोळा बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा, आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरा. बाहेर निम्मा लोंबत असेल तर तो बसलेला नाही. लहान मुलांच्या कानात बोळे घालू नका, त्यांना कानांवर बसणारे मफ लावा आणि आदल्या दिवशी घरी अर्धा तास घालून सवय करा. कापूस निरुपयोगी आहे.

तान्ह्या बाळाला नेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ऊन, गर्दी आणि आवाज यांतले एकही त्याला मानवत नाही. मुलाच्या मनगटावर पालकाचा मोबाइल क्रमांक पेनाने लिहा. गर्दीत नेटवर्क कोलमडते, म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचे ते आत शिरतानाच बोटाने दाखवून ठरवा.

उन्हाचा खरेच एवढा धोका आहे?

६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या कसरती पाहायला लाखोंनी लोक जमले. त्या दिवशी पाच जणांचा मृत्यू झाला आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. विमानांना काहीही झाले नव्हते. ऊन, दमट हवा, पाण्याची टंचाई आणि बाहेर पडताना झालेली कोंडी याने माणसे गेली.

डिसेंबरातही गोव्याच्या किनाऱ्यावर दुपारी पारा ३२-३३ अंशांवर जातो आणि डांबर-काँक्रीटवर त्याहून जास्त भाजते. माणशी किमान दोन लिटर पाणी हिशोबात धरा. तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्या. मीठ घातलेले कोकम सरबत किंवा ओआरएस उत्तम, पण ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यातच घाला. अर्ध्या लिटरात घातली तर क्षारांचे प्रमाण बिघडते. घाम थांबून कातडी गरम झाली, बोलण्यात गोंधळ आला, तर त्या माणसाला सावलीत न्या, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि वैद्यकीय तंबू गाठा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांनी त्या दिवसाबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे.

मांडलेल्या विमानांजवळ काय करू नये?

दोरीच्या आत हात घालू नये. नाकाशी किंवा बाजूला निघालेली सुईसारखी नळी, पिटॉट ट्यूब, वेग मोजते. ती वाकली किंवा तिच्या तोंडात काही गेले तर वैमानिकाला चुकीचा वेग दिसतो. लाल फिती ओढू नयेत. त्या सुरक्षा-पिनांना बांधलेल्या असतात आणि उड्डाणाआधी मोजून काढतात.

पाहण्यासारखे मात्र खूप आहे. मिग-२९केच्या शेपटीखालचा आकडा पाहा. जहाजाच्या डेकवर ताणलेल्या तारेत तो अडकतो आणि विमान तिथेच थांबते. घडी होणारे पंख जहाजावरच्या टंचाईतल्या जागेसाठी आहेत. याच तळावर जहाजाच्या डेकची नक्कल करणारी चाचणी सुविधा आहे, पुढे १४ अंशांचा चढ आणि मागे अटकाव-तारा. स्वदेशी नौदल तेजस १३ सप्टेंबर २०१९ रोजी पहिल्यांदा आकडा अडकवून उतरले ते इथेच. ती जागा प्रेक्षकांना दाखवली जाईल असे समजू नका.

हवेत नेमके काय पाहावे?

आवाजाच्या पुढे पाहा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरवरचा आवाज तीन सेकंद उशिरा येतो. ताशी ९०० किलोमीटरने जाणारे विमान तेवढ्यात ७५० मीटर पुढे गेलेले असते. आवाज जिथून येतोय तिथे पाहणाऱ्याला रिकामे आकाश दिसते.

तीव्र वळणात पंखांवर पांढरा पदर दिसतो, तो धूर नव्हे. पंखांवरचा दाब एकदम घटतो, हवा गार होते आणि तिच्यातली वाफ दिसू लागते. गोव्याच्या दमट हवेत हे कोरड्या प्रदेशापेक्षा ठळक दिसते, संध्याकाळी तर फारच. पथकांचा धूर वेगळा. गरम झोतात तेल सोडले की त्याचे दाट धुके होते.

दोन विमाने समोरासमोर येऊन आदळता आदळता वाचतात, ते आपल्या डोळ्यांना वाटते. दोघांच्या रेषा एकमेकींपासून बाजूला ठेवलेल्या असतात. समोरून पाहताना ते अंतर दिसत नाही. सूर्यकिरणची विमाने एकमेकांपासून पाच मीटरपर्यंत येतात ते मात्र खरेच असते. शेजारच्या विमानावरची ठरलेली खूण नजरेत धरून वैमानिक आपली जागा राखतो, म्हणून नऊही विमाने एकाच हाताने हलवल्यासारखी वळतात.

ढग आले तर सगळे रद्द?

बहुधा नाही. पथकांकडे तीन तऱ्हांचे कार्यक्रम तयार असतात. आकाश उंचपर्यंत मोकळे असेल तर उभे लूप. ढग खाली असतील तर फक्त गिरक्या. त्याहूनही खाली असतील तर सपाट वळणे आणि रांगा. निर्णय हवेत असलेला पथकप्रमुख घेतो. सकाळी पठारावर दव आणि धुके असते, ते सूर्य वर आल्यावर विरते, म्हणून पहिले उड्डाण उशिरा झाले तर घाबरू नये.

आम्हाला धावपट्टीपासून एवढे लांब का ठेवतात?

हे अंतर अपघातांनी शिकवले आहे. १९५२ मध्ये इंग्लंडमधल्या फार्नबरो इथे हवेत मोडलेल्या विमानाचे अवशेष प्रेक्षकांत पडले. १९८८ मध्ये जर्मनीतल्या रामस्टाइन इथे विमाने एकमेकांवर आदळली आणि एक प्रेक्षकांत शिरले, ७० जण गेले. २००२ मध्ये युक्रेनच्या स्क्निलिव्ह इथे ७७. त्यानंतर जगभर दोन गोष्टी पक्क्या झाल्या: विमानाचा वेग आणि ताकद प्रेक्षकांच्या दिशेने रोखायची नाही, आणि मध्ये रिकामी पट्टी ठेवायची. अमेरिकेच्या नियमात वेगवान जेटसाठी ही पट्टी १,५०० फुटांची आहे. दोरी ओलांडून दहा पावले पुढे गेलेला माणूस दिसला तर कसरत थांबवावी लागते, आणि ती सगळ्यांसाठी थांबते.

फोटो काढता येतील?

नियम पासावर वाचा. परवानगी असली तरी कॅमेरा आकाशाकडे आणि मांडलेल्या विमानांकडेच ठेवा. हँगर, रडार, फाटके, इमारती टाळा, आणि तळाच्या आतून थेट प्रक्षेपण करू नका.

कॅमेरा असेल तर जेटसाठी शटर १/१००० किंवा त्याहून जलद. पंख्यांवर उडणाऱ्या डॉर्नियरसाठी १/२५०च्या आसपास, हेलिकॉप्टरसाठी त्याहूनही मंद, नाहीतर पाती गोठलेली दिसतात आणि विमान दोरीने टांगल्यासारखे वाटते. उजळ आकाशामुळे विमान काळे पडते, म्हणून एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवा. दुपारी तापलेल्या डांबरावरची हवा थरथरते. धावपट्टीवरचे लांबचे फोटो तेव्हा मऊच येतात, कितीही भारी लेन्स असली तरी. ते सकाळी काढा. मोबाइलवाल्यांनी झूम न करता व्हिडिओ घ्यावा.

बाहेरून दिसेल का? आणि लग्नाच्या ड्रोनचे काय?

बोगमाळो किनारा, वास्कोतल्या गच्च्या आणि टेकड्यांवरून विमाने दिसतात, पण खालच्या पट्टीतल्या कसरती झाडी आणि इमारतींआड जातात. रस्त्यावर गाडी थांबवून पाहू नका, त्याच रस्त्याने रुग्णवाहिका जाते. कसरती समुद्रावर ठेवल्या असतील तर तेवढा पट्टा होड्यांसाठी बंद करतात. मच्छीमार बांधवांनी सूचना आधी पाहावी.

डिसेंबर म्हणजे लग्नसराई. दाबोळीच्या आसपास विनापरवाना ड्रोन एरवीही उडवता येत नाही. सरावाच्या दिवशीही नाही, आणि हे लक्षात ठेवा की सराव आधीचे दोन-तीन दिवस चालतो. उडते कंदील आणि उंच जाणारे फटाके यांनाही हेच लागू. हॉल ठरवतानाच फोटोग्राफरला सांगून ठेवा.

त्याच दिवशी माझे विमान आहे. काय करू?

तिकिटावर कोड पाहा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा, गोव्यातला दुसरा विमानतळ. मोपाच्या प्रवाशांना फरक पडणार नाही. दाबोळीचे असेल तर एअरलाइनकडून बदललेली वेळ विचारा आणि एरवीपेक्षा दीड-दोन तास आधी निघा. सरावाच्या दिवसांतही.

काही अघटित घडले तर?

जागेवरच थांबा, निवेदकाचे ऐका. धावपट्टीकडे मदतीला किंवा चित्रीकरणाला धावू नका, अग्निशमन गाड्या काही क्षणांत तिथे पोहोचलेल्या असतात आणि त्यांना वाट मोकळी हवी. जळत्या विमानाचा धूर विषारी असतो, वाऱ्याच्या उलट दिशेने सरका. पडलेला तुकडा उचलू नका. बाहेर असाल तर १०८ किंवा ११२ लावा.

गर्दीतून बाहेर कसे पडावे?

शेवटचे विमान उतरल्यावर अर्धा-पाऊण तास बसून राहा. सगळे एकदम उठतात तेव्हाच चेंगरते. पाणी पिऊन घ्या, आपल्या आसपासचा कचरा पिशवीत भरा, मग निघा.

पास मिळाला नाही. विमाने जवळून पाहायचा दुसरा मार्ग?

बोगमाळो रस्त्यावरचे नौदल विमानवाहतूक संग्रहालय, १९९८ पासून सुरू आहे. सोमवारी बंद. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर आणि चार इंजिनांचे, तीन शेपटांचे सुपर कॉन्स्टेलेशन तिथे उघड्यावर उभे आहे. सकाळी लवकर जा, दुपारी विमानांचा पत्रा तापतो आणि मुले हात लावतातच.